डॉजचं इंजिन आणि आष्टीची भाकर

इस्माईल मिस्त्री शहाणा माणूस होता असं जाफराबादेत कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवून द्या. एसटी स्टँडच्या मागं त्याच्या गॅरेजच्या भिंतीला भिंत लावून माझं दुकान होतं. मी बद्रीनाथ, जीपच्या सीटा आणि हूड शिवणारा. बावीस वर्षं मी त्याचा चहा प्यायलो आणि त्याच्याशी भांडलो. त्यामुळं त्याच्याबद्दल बोलायचा हक्क त्याच्या बायकोनंतर माझाच.

अंगानं किडमिडा, सदरा कायम दोन मापं मोठा. इंजिन बिघडलं की पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं आपल्या कानाला लावून डोळे मिटायचा. एवढा वेळ नाडी धरणारा डॉक्टर मी पाहिला नाही. मग उठून सांगायचा की तिसऱ्या सिलिंडरला खोकला आहे. आणि असायचाच.

त्याचं नाव झालं ते डिझेलमुळं. पेट्रोल महाग होत गेलं तसे जीपवाले, ॲम्बेसेडरवाले त्याच्या दारात रांग लावायला लागले. पेट्रोलचं इंजिन काढायचं, डिझेलचं बसवायचं. साठ-सत्तर गाड्यांचं काळीज त्यानं असं बदललं असेल. मला त्याचा आनंदच होता, कारण नव्या इंजिनाच्या हौसेत मालक सीटही नवी करून घ्यायचा. म्हणून हाच माणूस एका गाडीपुरता डिझेलच्या विरोधात गेला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

ती गाडी म्हणजे टेंभुर्णीच्या काकासाहेबांची डॉज. निजामाच्या राज्यात हैदराबादेहून आणलेली, सहा सिलिंडरची, बाटलीसारखी हिरवी. इस्माईलचे वडील सिराजोद्दीन, आमचे सिराजचाचा, तिच्यावर बावीस वर्षं ड्रायव्हर होते. बहात्तरच्या दुष्काळात काकासाहेबांनी गाडीचं इंजिन काढून विहिरीवर बसवलं. बोल्ट सिराजचाचांनीच खोलले. पण त्याआधी छिन्नी घेऊन त्यांनी इंजिनाच्या अंगावर उर्दूत आपलं नाव कोरलं. चार अक्षरं, कधी चुकामूक झाली तर ओळख पटावी म्हणून. पुढं विहीरही आटली आणि इंजिन कुणाकुणाच्या हातून कुठं गेलं, कुणालाच पत्ता राहिला नाही. चाचा जाफराबादेत मुलाकडं आले. डॉज सतरा वर्षं गोठ्यात उभी राहिली. टपावर कडबा आणि मागच्या सीटवर कोंबड्या.

एकोणनव्वद साली काकासाहेबांच्या मुलानं, अण्णासाहेबानं, गोठा पाडायला काढला. डॉज भंगारात द्यायची, म्हणजे तिथून ती जालन्याच्या लोखंडाच्या भट्टीत जाणार आणि सळ्या होऊन बाहेर पडणार. इस्माईलला हे कळलं तसा तो हातातलं काम टाकून टेंभुर्णीला गेला. काकासाहेब तेव्हा पंचाहत्तरीचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाडव्याची मुदत दिली. पाडव्याला गाडी आपल्या पायानं दारात आली तर इस्माईलची, नाही आली तर भट्टीची.

ट्रॅक्टरला बांधून आम्ही ती आणली. मागच्या सीटमधून मी नऊ अंडी काढली. त्यातली दोन चांगली आहेत असं इस्माईलचं म्हणणं पडलं. मी म्हणालो, खा मग. पत्रा ठोकून झाला, गंज खरवडून झाला, ब्रेकचे पाइप नवे पडले. औरंगाबादेहून मेटॅडोरचं एक डिझेल इंजिन त्यानं आणून ठेवलं. मापं घेतली. थोडी कापाकापी केली की बसत होतं. शिमग्याच्या आत गाडी रस्त्यावर आली असती.

मग त्यानं ही आनंदाची बातमी वडिलांना सांगितली. चाचांचे गुडघे गेले होते. अंगणातल्या खाटेवरून ते फारसे उठत नसत. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "डिझेल बिठाया तो मेरे दरवाजे पे मत लाना. मैं उसकू पैचानताच नै." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

इस्माईल सगळ्या तालुक्याशी वाद घालू शकायचा, पण बापाच्या वळलेल्या पाठीशी वाद घालायला त्याला जमेना. त्याची इच्छा मुळात गाडीची नव्हतीच. ती गाडी घेऊन अब्बांनी स्वतः टेंभुर्णीच्या वेशीतून आत जावं, एवढंच त्याला हवं होतं. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मीही त्याला तोंडावर सांगितलं की पाडवा पाच आठवड्यांवर आलाय, म्हाताऱ्याच्या हट्टापायी तू गाडी भट्टीत घालणार आहेस. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तेवढीच मला शांतता.

त्या दोन दिवसांत त्यानं स्टँडवर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला गाठलं. सहा सिलिंडरचं इंजिन, अंगावर उर्दूत चार अक्षरं, कुठं दिसलं का? पंधरवड्यानं परतूरकडचा एक जीपवाला म्हणाला की अक्षरांचं माहीत नाही, पण आष्टीत एका बाईची पिठाची गिरणी आहे. वीज गेली की ती गिरणी इंजिनावर चालते, आणि ते इंजिन मोटारीसारखा श्वास घेतं.

दोन एसट्या बदलून आम्ही आष्टीला पोचलो तेव्हा गावची वीज गेलेलीच होती. बाकीच्या गिरण्या बंद. एका दारात मात्र बायकांची डबे घेऊन ही रांग. आत दुर्गाबाई. पन्नाशीची बाई, पदर कमरेला खोचलेला, भुवयांपर्यंत पिठानं पांढरी. मागच्या छपरात डॉजचं इंजिन रॉकेलवर घुमत होतं. त्याच्या गतीच्या दांड्याला सुतळीनं तराजूतलं अर्ध्या किलोचं वजन टांगलेलं. ज्वारीला अर्धा किलो, गव्हाला एक किलो, डाळीला पाव, असा बाईंचा हिशेब. जेवढं वजन जड तेवढं जातं जोरात. इस्माईल ते पाहून हसला. ते हसू त्याला महागात पडायचं होतं.

इंजिनाच्या अंगावर एक जागा लालभडक होती. पंधरा वर्षांच्या हळदीकुंकवाची पुटं. बाईंना ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण एवढ्या कष्टानं कोरलंय म्हणजे कुणातरी देवाचं असणार, असं समजून दर खंडेनवमीला त्यांनी तिथं पूजा केली होती, नारळ फोडला होता. इस्माईलनं बोटानं कुंकू जरासं बाजूला केलं, नाव पाहिलं, आणि आपण कशाला आलोय तेच विसरून उभा राहिला. शेवटी बोलणं मला करावं लागलं.

बाई ऐकेनात. डिझेलच्या इंजिनाला निम्मा खर्च येईल हे मी सांगितलं, ते आम्ही फुकट बसवून देऊ हे इस्माईलनं सांगितलं. नाव वडिलांचं आहे हे मात्र तो बोलला नाही. लाज वाटली असेल किंवा बाईंची पंधरा वर्षांची पूजा मोडवली नसेल. दुर्गाबाईंनी सगळं ऐकलं आणि अट घातली.

"तुमचं इंजिन चांगलं का वाईट ते मी न्हाई सांगनार, भाकर सांगल," त्या म्हणाल्या. "आठ दिस त्याच्यावर तुमीच दळा. बायांनी नावं ठेवली न्हाईत, तर मंग हे खुशाल घेऊन जा."

अशा रीतीनं जाफराबादचा नामांकित मिस्त्री आष्टीत गिरणीवाला झाला. मेटॅडोरचं इंजिन टेम्पोत घालून नेलं, छपरात बसवलं, पट्टा चढवला. पहिल्या दिवशी पीठ इतकं गरम पडलं की डब्याला हात लागेना. दुसऱ्या दिवशी भरड. तिसऱ्या दिवशी पीठ दिसायला झकास, पण त्याची विरी गेलेली, म्हणजे चिकटा नाही, थापायला घेतली की भाकर तुटते. मालनबाई म्हणून एक म्हातारी होती, तिची जीभ टाकीच्या घावासारखी. तिनं भाकरीचे पाच तुकडे पदरातून आणून इस्माईलपुढं मांडले आणि विचारलं, ही भाकर आहे का जिल्ह्याचा नकाशा? यातला परतूर तालुका कोणता ते दाखव.

पाचव्या दिवशी मी त्याचे कपडे घेऊन गेलो तर मला तो ओळखूच आला नाही. दाढी, पापण्या, कान, सगळं पांढरं. झोपेतसुद्धा वेगाची गणितं करत होता. लहान पुली घाल, मोठी घाल, दगडाला टाकी लाव. ज्याला इंजिनाचा खोकला कळायचा त्याला भाकरीचं मन कळेना. मी म्हणालो, चल घरी, अजून वेळ आहे, डिझेल गाडीत घालू. तो म्हणाला, "बद्रीभाऊ, आजवर मी मालकाच्या खिशाकडं बघून इंजिनं बसवली. कुणासाठी चालतंय ते पयल्यांदा बघून राह्यलो." हे मला तेव्हा पटलं नाही, आणि मी तसं सांगितलंही.

सहाव्या दिवशी त्यानं मुकाट्यानं दुर्गाबाईंच्या तराजूतलं अर्ध्या किलोचं वजन उचललं आणि सुतळीनं डिझेलच्या दांड्याला टांगलं. दुर्गाबाई गहू पाखडत होत्या. त्यांनी पाहिलं आणि पाखडत राहिल्या. आठव्या दिवशी दुपारी मालनबाई आली. ताटलीत टम्म फुगलेली अख्खी भाकर, वर लसणाची चटणी. ती इस्माईलच्या हातात देऊन काही न बोलता निघून गेली. आष्टीत याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

दुर्गाबाईंनी शब्द पाळला. इंजिन टेम्पोत चढवताना पदर डोळ्याला लावला आणि लगेच दुसरी अट घातली. "पंधरा वर्सं संबाळलंय. आता सासरी चाललं, तर पाठराखीन म्हनून मी यीन." पाडव्याला येतेच, हे त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

पुढचे अकरा दिवस गॅरेजात नुसती धांदल. इस्माईलनं इंजिन आतून घासूनपुसून नवं केलं, पेट्रोलवर आणलं, पण त्या कुंकवाला हात लावू दिला नाही. मी लाल रेक्झिनची सीट शिवली, पांढरा गोट लावून. घरात त्याच्या बायकोचे, मैमूनाभाभीचे, वेगळेच हाल. हा माणूस आता भाकरीला विरी कमी आहे असं जेवता जेवता सांगायला लागला होता. भाभीनं उलथनं उगारलं तेव्हा थांबला. दुर्गाबाई आदल्या दिवशी येऊन भाभीकडंच उतरल्या, आणि पिठाचा डबा देऊन त्यांनी तो तंटा मिटवला.

पाडव्याच्या सकाळी डॉज सिराजचाचांच्या दारात उभी राहिली. इस्माईलनं इंजिन सुरू केलं. मागून पांढऱ्या पिठाचा एक फुफाटा निघाला. कुठल्या कोपऱ्यात राहिलं होतं देव जाणे. चाचांनी खाटेवरून कान दिला. बराच वेळ दिला. मग मान हलवली.

"ये मेरा नै. ये तो चक्की का आवाज है."

इस्माईलचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. या प्रसंगावर बोलण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसलो. बोलल्या त्या दुर्गाबाई.

"तुमच्याकडं व्हतं तव्हा एका घराला फिरवीत व्हतं, चाचा. माज्याकडं आलं तं गावाला खाऊ घातलं. आवाज बदलनारच की."

इस्माईलनं बॉनेट उघडलं आणि बापाला हाताला धरून उठवलं. चाचा वाकले. त्यांचं बोट बरोबर त्या जागेवर गेलं. चार अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराच्या चरीत घट्ट बसलेलं कुंकू. त्यांनी बोट वर धरून पाहिलं, हे काय म्हणून विचारलं. दुर्गाबाईंनी खंडेनवमीचं सांगितलं.

"मेरे नाम कू?" चाचांनी विचारलं.

दुर्गाबाई चाट पडल्या. नाव यांचं आहे हे त्यांना आत्ता कळत होतं. म्हणाल्या, "मला काय ठावं? मी म्हनलं, आसंल कुन्या देवाचं."

चाचा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळे भरले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. इस्माईल रडत होता. मीही रडलो, लपवत नाही. मग चाचांनी टोपी आणि बूट मागितले.

टेंभुर्णीच्या वेशीपर्यंत इस्माईलनं गाडी चालवली. तिथं बाप-लेकांनी जागा बदलल्या. घरोघरी गुढ्या उभ्या होत्या, त्यांच्यामधून सिराजचाचांनी डॉज अशी नेली की जणू सतरा वर्षं मध्ये गेलीच नाहीत. काकासाहेबांच्या दारात येऊन जुन्या रिवाजानं दोनदा हॉर्न वाजवला. काकासाहेब काठी टेकत बाहेर आले. चाचा गाडीला धरून धरून खाली उतरले आणि सवयीनं त्यांनी मागचं दार उघडलं. आतून मांडीवरचा पिठाचा डबा सावरत दुर्गाबाई उतरल्या. काकासाहेबांनी विचारलं, या कोण?

"गाडी तुमची व्हती, मालक," चाचा म्हणाले. "इंजिन ह्यांचं हाय."

ज्या माणसासाठी बावीस वर्षं ते दार उघडत आलं होतं, त्यानं दोन्ही हात जोडले आणि बाजूला सरून दुर्गाबाईंना आधी घरात जाऊ दिलं. अण्णासाहेबानं मुकाट्यानं चहा सांगितला.

इस्माईल पुढंही डिझेलची इंजिनं बसवत राहिला, श्रीमंत काही झाला नाही. फक्त गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचा, गाडीत बसतं कोण? या प्रश्नानं माझी निम्मी गिऱ्हाइकं पळवली. चाचा आणखी चार वर्षं जगले. पण दर खंडेनवमीला डॉज आष्टीला जायची, चाचा होते तेव्हाही आणि ते गेल्यावरही. दुर्गाबाई बॉनेट उघडायला लावून त्या चार अक्षरांवर हळदकुंकू वाहायच्या, नारळ फोडायच्या. ते कुणाचं नाव आहे हे आता त्यांना चांगलं माहीत होतं. तरी त्यांनी एकदाही खंड पडू दिला नाही.