तंबूतली गॅसबत्ती

नागऱ्याच्या जत्रेत दरवर्षी सिनेमाचा तंबू लागायचा. तिथलं मशीन चालवणाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. खांद्यावर तेलकट फडकं टाकून तो मशीनशी लाडाने बोलायचा आणि माणसांवर खेकसायचा.

त्या वर्षी एक भिकार बोलपट आला. त्यातला वेडा एकामागून एक बायकांचे गळे दाबायचा. त्यातल्या घरांच्या भिंतीही कापडाच्या होत्या, वाऱ्याने हलायच्या. आधी आम्ही हसलो. मग प्रत्येक खुनाला शिट्ट्या सुरू झाल्या. "दाब, अजून दाब!" मीही ओरडलो. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथ्या खुनाला मशीनवाल्याने मशीन बंद केलं आणि गॅसबत्ती घेऊन तो बायकांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बायका माना खाली घालून बसल्या होत्या.

"यायच्याकडे पाहून मारा आता शिट्ट्या! काऊन बे, थांबले काऊन?"

मालक धावत आला. "चालू कर, नहीं तो काम से गया समझ!"

"तुमीच चालवा," म्हणत त्याने फडकं मालकाच्या अंगावर फेकलं.

पहिली उठली ती माझी बहीण. माझ्यासमोर येऊन ती थुंकली आणि बाहेर पडली. मागोमाग साऱ्या बायका निघाल्या. तो बत्ती उंच धरून त्यांना वाट दाखवत राहिला.