सायलेन्सर बदलला आणि गल्लीचं दूध आटलं

चहा आधी पिऊन घ्या मंडळी. कारण ह्या चहातल्या दुधाचा आणि माझा काय संबंध आहे हे एकदा कळलं, की कप खाली ठेवाल. अख्ख्या गल्लीच्या गाया मी एकट्याने कोरड्या पाडल्यात. खोटं वाटतंय? मलाही वाटलं होतं.

माझी मोटारसायकल पंधरा वर्षांची, मी अठ्ठेचाळीसचा. दोघांचाही आवाज घरात कुणी ऐकेना. माझ्यावर काही इलाज नव्हता, म्हणून गाडीचा सायलेन्सर बदलायचं ठरवलं. नगरहून चकचकीत, आखूड, उघड्या तोंडाचा सायलेन्सर आणला आणि सुप्याच्या शब्बीर मेस्त्रीकडून बसवून घेतला. पहिली किक मारली, तेव्हा खर्ड्याच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली असणार.

मेस्त्री म्हणाला, "तात्या, गाडी ठिवून जा. कार्बोरेटरचं जेट बदलावं लागंल. पेट्रोलचं सेटिंग करावं लागंल."

"धूर जायची नळी बदलली आपण. त्यात पेट्रोलचा काय संबंध?"

"आवो, धुराची वाट मोकळी झाली की इंजिन हवा जास्त वढतंय. पेट्रोल मात्र हाय तेवढंच. पीठ मूठभर आन् पानी तांब्याभर, भाकरी थापंल का? फटाके फोडील ती. तापंल बी."

"मेस्त्री, पंचवीस वर्षं कंपनीत मशीन चालवतोय मी. चार दिवसांत आपोआप बसतं सगळं."

माझं मशीन खोक्यांना चिकटपट्टी लावतं, पण ते त्याला कशाला सांगायचं? मेस्त्रीने नुसते हात पुसले. मेस्त्रीने वाद न घालता हात पुसले, की समजायचं, गिऱ्हाईक हातचं गेलं.

फटाके खरंच फुटायला लागले. ॲक्सिलरेटर सोडला की फट्, फट्, फटाक्. मला तर आवडलंच. तात्या येतोय हे गावाला कळायला नको?

आता आमची मैना. आमच्या मंडळींनी, म्हणजे मंदाने, वासरापासून वाढवलेली जर्शी गाय. एका टायमाला बारा लिटर. मुलीला नर्सिंगला ॲडमिशन मिळालं, म्हणून मैनेला विकायचं ठरलं, आणि सायलेन्सर बसवला त्याच दिवशी कोपरगावकडचे कारभारी नाना बघायला आले. आमच्याकडे गाय काही तोंडी बोलण्यावर विकली जात नाही. गिऱ्हाईक मुक्काम करतं, दोन वेळची धार समोर बसून बघतं. सांगितलेलं दूध बादलीत दिसलं तर व्यवहार, नाहीतर रामराम.

संध्याकाळी मंदा धारेला बसली. नाना समोर उकिडवे. मैनेने पान्हा सोडला, बादलीत चुर्र चुर्र सुरू झालं आणि नेमका मी कामावरून आलो. गोठ्याच्या कोपऱ्याला ॲक्सिलरेटर सोडला. फटाक्.

मैनेने पान्हा चोरला. घाबरलेली गाय दूध वर ओढून घेते, मग तुम्ही तिच्यासमोर गाणं म्हणा नाहीतर पाया पडा. बादलीत साडेतीन लिटर.

"बारा म्हनला हुता," नाना म्हणाले.

"नवीन माणूस बघून बुजली," मी म्हणालो.

"नवीन मानूस म्हंजी मी?"

"तुमची टोपी जरा जास्तच पांढरी आहे, नाना."

नानांनी गुपचूप टोपी काढून खिशात घातली. माणूस देवासारखा.

सकाळी धोका नको म्हणून मी उजाडताच सरकी पेंड आणायला निघालो. खाण्यात गुंगली की दूध सोडेल, हा माझा हिशोब. निघालो कशावर? गाडीवर. परत आलो तेव्हा साऱ्या गल्लीत धारा चालू होत्या. गल्लीला उतार आहे, आणि उताराला मी ॲक्सिलरेटर सोडून पेट्रोल वाचवतो. नऊ फटाके मी स्वतः मोजले. मैनेने दावं तोडलं, मंदा बादलीसकट शेणात बसली, आणि डेअरीवर सगळ्या गल्लीचं दूध निम्म्यावर आलं.

डेअरीवाल्याने घाबरून गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर थर्मामीटर घेऊन गोठ्यागोठ्यातून फिरू लागले. त्यांच्यापुढे कोण? मी.

"साथ आहे, डॉक्टर. मला कालच संशय आला होता."

'साथ' ऐकताच नानांनी पिशवी उचलली. मंदाचा चेहरा उतरला. "नाना, चहा तरी घ्या."

"नगं ताई. माझ्या गोठ्यात धा गाया हाईत. घरी काय रोग घिऊन जाऊ?"

डॉक्टर म्हणाले, "एकाही गाईला ताप नाही. रवंथ व्यवस्थित चाललंय. कालपासून इथं नवीन काय घडलंय?"

"थांबा, दाखवते," मंदा म्हणाली. साडीचं शेण न झटकता गाडीपाशी गेली, किक मारली, मूठ पिळली आणि सोडली. फटाक्. गल्लीतल्या सगळ्या दावणींच्या साखळ्या एकदम खळखळल्या.

नानांनी पिशवी खाली ठेवली. "सायलेन्सर बदलला व्हय? आन् जेट?"

"चार दिवसांत बसतं आपोआप," मी पुटपुटलो.

"ताई, सांजची धार बघून जातो. पन तवर ह्यांना गावाबाहेर ठिवा."

मग सुप्यापर्यंत सहा किलोमीटर गाडी ढकलत नेली. सुरू करायची माझी हिंमत नव्हती. मेस्त्रीने जेट बदललं, स्क्रू फिरवला, पाऊण तासात काम संपलं. मग नुसते हात पुसले. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परतलो तर मैनेने सव्वाबारा लिटर दिलेलं होतं आणि ती नानांच्या टेम्पोत चढत होती. मंदा रडली. मीही रडलो. मुलगी आता नर्सिंगला आहे.

राहिलं डॉक्टरांचं. सकाळी निघताना त्यांनी वही उघडून माझं पूर्ण नाव विचारलं होतं. मला वाटलं, जागरूक पशुपालक म्हणून लिहून घेतायत. अगदी वडिलांच्या नावासकट, सावकाश, एकेक अक्षर सांगितलं. परवा डेअरीत गेलो तर त्या अहवालाची झेरॉक्स भिंतीला चिकटवलेली. ताप: नाही. साथ: नाही. दूध घटण्याचं कारण: आणि पुढे माझं नाव, एकही चूक न करता, वडिलांसकट.