नुसते ओठ हलवा

आमच्या कॉलनीतल्या महिला समूहगान मंडळाचा इतिहास विचारलात, तर जुळे सोलापुरात निदान सहा जणी सांगतील की मंडळ त्यांनीच स्थापन केलं. प्रत्येकीच्या हकिकतीत पहिली बैठक तिच्याच हॉलमध्ये भरते आणि चहाही तीच करते. त्या बैठकीला मी होते. ती पाण्याच्या टँकरपुढे, घागरींच्या रांगेत भरली होती आणि चहा कुणीच केला नव्हता. टँकर उशिरा आला, एक जण गुणगुणायला लागली, दुसरीने सूर मिळवला आणि तिसरी म्हणाली, "आपण मंडळ काढू या की."

मंडळ काढलं, म्हणजे आधी साडीचा रंग ठरवला. त्यात अख्खा उन्हाळा गेला. गायचं काय, हा किरकोळ प्रश्न नंतर निघाला. शिकवायला बाई मिळाल्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, मागच्या गल्लीत राहणाऱ्या आणि मुख्य म्हणजे स्वतःची पेटी असलेल्या. सराव गणपतीच्या देवळात व्हायचा, पण त्याचा वार काही ठरेना. आमच्याकडे आठवडा वारांवर चालत नाही, नळावर चालतो. पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि ते येईल त्या दिवशी साक्षात सरस्वती देवळात येऊन बसली असती, तरी आम्ही बादल्या सोडून गेलो नसतो.

मला गायचं होतं. लहानपणापासून गायचं होतं. माहेरी भावंडं कानात बोटं घालायची आणि लग्नानंतर, आमचा कुकर माझ्यापेक्षा सुरात शिट्टी देतो, असं ह्यांनी पाहुण्यांसमोर जाहीर करून टाकलं होतं. मंडळाच्या गर्दीत आपला आवाज खपून जाईल, असा माझा साधा हिशोब होता.

सुरुवातीच्याच एका सरावानंतर बाईंनी मला चपला घालताना गाठलं.

"राग मानू नका हं ताई," त्या साखरेत घोळून म्हणाल्या. "तुमचा चेहरा फार बोलका आहे, स्टेजवर शोभतो. तुम्ही असं करा, नुसते ओठ हलवा. आणि हे आपल्या दोघींतच ठेवा."

घरी येऊन मी भांडी आपटली. फार वाईट वाटलं होतं. मंडळ सोडायचंही ठरवलं, पण साडी घेऊन झाली होती. आणि खरं सांगायचं तर, गाणाऱ्या बायकांत उभं राहायला मिळतंय, एवढंही मला सोडवेना.

मग मी वर्षानुवर्षं ओठ हलवले. बाई पुढच्या माइकवर खणखणीत गायच्या, मागे आम्ही दोन रांगांत. टाळ्या पडायच्या. मी त्या कलेत इतकी तरबेज झाले की एका हळदीकुंकवाला एकीने विचारलं, "वरचा सूर काय सुरेख लावता हो, कसं जमतं?" मी लाजून "रियाज" म्हटलं. माझ्या शेजारी मंद्रूपच्या वहिनी उभ्या असायच्या. त्यांचा आवाज या बांधावरून त्या बांधावर हाका मारून घडलेला, पण गाण्यात तो कधी माझ्या कानावर पडला नाही. मला वाटायचं, बिचाऱ्या शहरात येऊन बुजल्या.

मागच्या वर्षी कॉलन्यांची समूहगीत स्पर्धा झाली. बाईंनी स्वतः गीत रचलं, 'पाणी वाचवा' या विषयावर. चार दिवस एका पिंपावर काढणाऱ्या बायकांनी हे गाऊन नेमकं कुणाला सांगायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाईंचा घसा बसला. पारच गेला. स्टेजमागे त्या कशाबशा कुजबुजल्या, "मी पेटी धरते. तुम्ही सगळ्या आहातच की. नेहमीसारखं म्हणा." आपण कुणाकुणाला काय सांगून ठेवलंय, याची त्यांनाही मोजदाद राहिली नसावी.

पेटी वाजली. बाईंनी मान हलवली. आम्ही सगळ्यांनी एकदम, अगदी तालात, तोंडं उघडली.

पंख्याची घरघर ऐकू आली. माइकवाला धावत आला, टिचक्या मारून "हॅलो, हॅलो" म्हणाला. माइक ठणठणीत होता. एका परीक्षकांनी कानातलं यंत्र चाचपलं. आमचे ओठ चालूच होते. इतका एकजीव समूह सोलापूरने आजवर पाहिला नसेल.

वहिनींनी मान न वळवता विचारलं, "ताई, तुमालाबी सांगितलंय व्हय?"

मी मान डोलावली.

"मला म्हनल्या, आवाज लई मोटा हाय, पेटी ऐकू येत न्हाय. आपल्या दोगीतच ठिवा म्हनल्या." मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच "मलापण" म्हणालं. मग वहिनींनी पदर खोचला. "आता लई झालं," म्हणाल्या आणि त्यांनी आवाज सोडला.

मीही तोंड उघडलं आणि या खेपेला आतून आवाज बाहेर आला. बेसूर होता. ह्यांचं खरं होतं, कुकर बरा. एकेक करून सगळ्या सुरू झाल्या. प्रत्येकीने आपापली पट्टी घरून आणली होती. खाली लोक खो खो हसत होते. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटायची राहूनच गेली.

मग पेटीकडे लक्ष गेलं. बाईंचा चेहरा लाल झाला होता. चिडल्या असणार, असं मला वाटलं. पण त्या गात होत्या. स्वतः रचलेलं गाणं, शब्द न् शब्द. घशातून काहीच निघत नव्हतं. नुसते ओठ हलत होते.

इतकी वर्षं मनात जपलेलं एक टोचरं वाक्य माझ्याकडे तयार होतं, नेमकं अशा दिवसासाठी. ते आठवेना. वर मी ओळही चुकले. पण आवाज काही खाली घेतला नाही. उलट चढवला, कारण आता बाईंच्या वाटचंही म्हणायचं होतं.