रॉकरपर्यंत न पोचलेलं ऑइल

रॉकर कव्हर उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. नुकतंच बांधलेलं इंजिन चालू, गेजवर ऑइल प्रेशर झकास आणि रॉकर मात्र कोरडे ठणठणीत. रॉकर म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचे, व्हॉल्व्ह उघडणारे छोटे दांडे. त्यांना ऑइल मिळालं नाही तर ते झिजतात आणि सगळं इंजिन पुन्हा उघडायला लागतं. मी लगेच इंजिन बंद केलं.

मिनीबस जाधवकाकांची. गोरखी भागातली मुलं ते शाळेत पोचवतात. गेल्या वर्षीची दसऱ्याची सुट्टी संपत आली होती.

"ताई, सोमवारपर्यंत होऊन जाईल ना? नाही तर शाळावाले रूट दुसऱ्याला देऊन टाकतील." काकांचा चेहरा उतरला होता. त्या रूटवरच त्यांचं घर चालतं.

"होईल काका. चहा घ्या."

दाल बाजारामागचं आमचं हे वर्कशॉप बाबांनी उभं केलं. त्यांचा निकाल तयार होता. "ऑइल पंप बदलून टाक. खामखा डोकं नको लावू."

"पंप गेला असता तर गेज पडलं असतं, बाबा. खाली ऑइल भरपूर आहे, वर येत नाहीये."

"मी तुझ्या जन्माच्या आधीपासून इंजिनं बांधतोय."

"मग मला पटवून द्या."

त्यांनी पान्हा माझ्याकडे सरकवला. आमच्याकडे याला परवानगी म्हणतात.

खालच्या ब्लॉकमधून वरच्या हेडमध्ये ऑइल जायला एकच बारीक वाट असते. मी रॉकर काढून स्टार्टर मारला. हेडवरच्या भोकातून ऑइल उसळायला हवं होतं, पण थेंब नाही. मग हेडच उतरवलं. ब्लॉकच्या भोकात ऑइल काठोकाठ भरलेलं. दोघांमधल्या गॅस्केटच्या पत्र्याचं भोकही बरोबर जागेवर. म्हणजे चोर हेडमध्येच होता. मी वरून कॉम्प्रेसरची हवा सोडली. फट् आवाज झाला आणि खाली धरलेल्या फडक्यावर लालसर तांदूळ पडले.

कुंकवाच्या अक्षता!

खंडेनवमीला बाबांनी हत्यारांची पूजा केली, तेव्हा हे हेड बाकावर उघडंच होतं. त्यालाही त्यांनी हळदकुंकू, अक्षता वाहिल्या होत्या. वरवर पुसलं गेलं. भोकात गेलेलं तिथेच चिकटून बसलं.

बाबांनी तांदूळ बोटावर घेऊन पाहिले. "देवाचं आहे, फेकू नको," एवढंच म्हणाले.

नवी गॅस्केट घालून इंजिन जोडलं, स्टार्ट केलं. क्षणभरात रॉकर ऑइलने चमकायला लागले. खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं. सोमवारी सकाळी मुलांनी भरलेली मिनीबस आमच्या दारात थांबली आणि काकांनी जोरात हॉर्न वाजवला. मी हात केला, पण माझ्या आधी बाबांनी केला होता.

श्रद्धा ठेवावी, पण इंजिनच्या भोकांना आधी बोळे लावावेत. यंदा खंडेनवमीला बाबा मुठीत अक्षता घेऊन माझ्याकडे बघत उभे राहिले.

"आता टाकू?"

"थांबा," मी म्हटलं, आणि शेवटचा बोळा लावला.