माशांच्या खोल्या

ओव्हरसियरसाहेबांच्या कामावर नारळ कधी देवापुढे फुटला नाही; तो सरळ मजुरांच्या पोटात गेला. कंत्राटदार ताट घेऊन उभाच असायचा आणि साहेब दगडावर नारळ आपटून खोबरं वाटत सुटायचे. "खायची चीज आहे. देव काय सिमेंट कालवाले येऊन राहिला?" मी भंडाऱ्याच्या त्या सरकारी ऑफिसात नकाशे गिरवायची. आमच्या घरी उपासतापास कडक, त्यामुळे सुरुवातीला मला या माणसाची भीतीच वाटे.

देव नसला तरी साहेबांना मासे होते. शहापूरजवळच्या एका गावतलावाची मातीची पाळ आतून ढासळली होती. तिला दगड-सिमेंटची भिंत घालायची होती. साहेबांनी भिंतीच्या नकाशात ओळीनं गोल काढून दिले. हे काय, म्हणून मी विचारलं.

"माशायच्या खोल्या. पाळीच्या बिळात मागूर अंडे घालतेत. आपन भिंत बांधून त्यायचं घर बुजवाचं, अन मंग मासे कमी झाले म्हनून रडाचं. कायले?"

वरचे साहेब हसले, पण त्यांनी हरकत घेतली नाही. कुंभाराकडून जाड मडकी आली आणि पाण्याकडे तोंड करून भिंतीत आडवी बसली.

पावसाळ्यात मागूर खरोखरच आले. साहेब लेकीचं लग्न जमल्यासारखे मिरवत होते. पण बिळातला मासा शोधावा लागतो आणि मडक्यातला हमखास सापडतो, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. लोक कंबरभर पाण्यात उतरून मडक्यांत हात घालू लागले. मासे गेले, अंडीही गेली. साहेबांनी 'हात घालू नये' अशी लाकडी पाटी लावली, तर पाटीच कुणाच्या तरी चुलीत गेली.

"मी खोल्या नाही, पिंजरे बांधले, बाई," एवढंच ते मला म्हणाले. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

पुढची अक्षय तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं मडकं पूजतात. तलाव आटून भिंतीतली मडकी उघडी पडली होती. ती ओळ पाहून गावातल्या एका म्हातारीची खात्री पटली, की सरकारनं पितरांची सोय केली. तिनं सुनेकडून एका मडक्याला नवऱ्याच्या नावानं कुंकू लावून घेतलं. मग काय, घरोघरच्यांनी आपापलं मडकं धरलं. रस्त्याकडच्या टोकाचं एक तेवढं कुणाच्या वाट्याला आलं नाही.

आम्ही पाहणीला गेलो आणि साहेबांचं टाळकं फिरलं. कुंकू धुवायला त्यांनी बादली मागवली. म्हातारी पुढे आली.

"धुऊ नका, साहेब. आमचा बुढा बसला आहे तिथं. मी कोनाले हात नाही लावू देत."

साहेब थबकले. "कोनालेच?"

"कोनालेच नाही."

त्यांनी बादली तशीच खाली ठेवली. परतताना जीपमध्ये म्हणाले, "बाई, तुमी गावात काही बोलू नका. मी बी नाही बोलत."

त्या पावसाळ्यात फक्त टोकाच्या मडक्यात हात गेले. साहेबांना ते एक मडकं शेवटपर्यंत सलत राहिलं. आता पुढच्या कामाला नारळ देवाला ना, असं मी एकदा मुद्दाम विचारलं. "तो खायचाच आहे," म्हणाले.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत साहेब गेले. दहावं-तेरावं करायचं नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं आणि त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, ते पाळलं. अक्षय तृतीयेला मात्र त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. "तलावावर चालता काय, बाई?"

वहिनी टोकाच्या मडक्यापाशी बसल्या. हात जोडले नाहीत. पदराच्या गाठीतलं कुंकू काढून मडक्याच्या काठाला लावलं आणि पाळीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे आमच्या सायबाचं होय."

मला रडू आवरेना. त्या माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "यायले राग येईन. येऊ द्या."

त्या पावसाळ्यात टोकाच्या मडक्यातही कुणी हात घातला नाही.