एक्केचाळीस नंबरचा वायू

दिव्यानी भानारकरचे आईवडील मूल शहराजवळच्या एका गावात तलावावर मासे धरतात. दिव्यानी नागपूरला पीएचडी करते.

सबस्टेशनमधल्या ब्रेकरात एक वायू भरलेला असतो. वीज तोडताना उडणारी ठिणगी तो दाबतो. पण बाहेर गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट हवा तापवतो, म्हणून त्याला पर्याय शोधणं चाललंय. कोणता वायू किती व्होल्टपर्यंत तग धरेल, हे तो तयार होण्याआधीच रेणूच्या रचनेवरून कॉम्प्युटरवर सांगायचं, हे दिव्यानीचं काम.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला ती घरी आली, तेव्हा तिच्या यादीतला एक्केचाळीस नंबरचा वायू ब्रेकरातल्या जुन्या वायूच्या अडीचपट ताकदीचा निघाला होता.

"हाये कुठी तो वायू?" तिच्या आईनं, चंदाबाईनं विचारलं.

"अजून कोणी बनवला नाई."

"मंग त्याची ताकद तुले कशी समजली?"

"गणितानं."

चंदाबाईनं तव्यावरचा मासा उलटला.

आठ महिन्यांनी एका प्रयोगशाळेनं तो वायू बनवून छोट्या सिलिंडरात पाठवला. दिव्यानीनं तो लोखंडी टाकीत भरला. आत धातूचे दोन गोळे समोरासमोर होते. व्होल्टेज वाढवत नेलं. जुन्या वायूत चाळीस हजारांवर ठिणगी पडली होती, नव्यात चौतीस हजारांवर. तिनं अकरा वेळा करून पाहिलं.

गुणवंतराव सर, तिचे गाईड, म्हणाले, "वायू शुद्ध नसेल. पेपरातून हा एक गाळून टाक."

"शुद्धता तपासली सर. वायू बरोबर आहे. चूक माझी आहे, फक्त कुठे ते अजून कळलं नाही."

ते कळायला पाच आठवडे लागले. ज्या जुन्या मोजमापांवरून कॉम्प्युटर शिकला होता, त्यांतली चार मोजमापं गोळ्यांमध्ये नव्हे, सुई आणि ताटलीमध्ये घेतलेली होती. सुईच्या टोकापाशी जुना वायू लवकर हार मानतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना केलेला वायू उगाच पहिलवान दिसतो. ते चारही वायू एक्केचाळीस नंबरचे जवळचे नातेवाईक. ती चार मोजमापं काढल्यावर कॉम्प्युटर म्हणाला, जुन्याच्या शून्य पूर्णांक नऊपट, म्हणजे टाकीत मोजलं होतं त्याच्या जवळपास. दिव्यानी त्या दिवशी मेसमध्ये दोनदा जेवली.

पेपर तिनं या चुकीपासूनच सुरू केला. सरांनी वाचला, पहिलं पान पुन्हा वाचलं आणि सही केली. तो मांडला त्या परिषदेत बक्षीस दुसऱ्याला मिळालं. पण सुई-ताटलीबद्दल विचारणारी पत्रं तिला तीन देशांतून आली.

नव्या गणितात सतरा नंबर वर आला, सव्वापट. बनवून घेऊन मोजला, तर खरंच सव्वापट भरला. मात्र तो वीस अंशांखाली द्रव होतो. डिसेंबरात सिलिंडरच्या तळाशी पाण्यासारखा पडून राहिला.

तिनं घरी फोन केला. "आई, या वेळेस आकडा बरोबर आला."

"मंग झालं ना काम?"

"नाई. थंडीत त्याचं पाणी होते. तसं होऊ नये म्हून आता त्यात नायट्रोजन मिसळून पाहून राह्यली."

"जेवली का?"

"जेवली," दिव्यानी म्हणाली, आणि मिश्रणाचा पहिला अंदाज वहीत लिहिला.