दोन्हीला चालेल असा एक सेट

टायरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात. जुन्या टायरात पाणी आणि मालकाच्या डोक्यात किस्से. पाणी साचलं तर महापालिकेचा माणूस येऊन डासांवरून दम देतो. किश्श्यांचं विचारायला कोणी येत नाही, ते असे मित्रांपुढेच ओतावे लागतात.

माझं दुकान कळंबोलीत, स्टील मार्केटच्या बाजूला. आयुष्य ट्रकवाल्यांत गेलं. ट्रकवाला येतो, टायर बघतो, एक शिवी घालतो, बसवून घेतो आणि जातो. सुखाचं गिऱ्हाईक! मग कुणीतरी कारवाल्यांना सांगितलं की शिंदेकडे चाकांचं अलाइनमेंट बरोबर होतं, आणि माझे रविवार संपले.

या लोकांना दोन नाद. एक ऑटोक्रॉस. ट्रकच्या रिकाम्या यार्डात प्लॅस्टिकचे कोन मांडायचे, घड्याळ लावायचं आणि एकेकट्यानं त्यातून गाडी वळवत न्यायची. मिनिटभराचा खेळ, टायर तापतच नाही, म्हणून तो मऊ हवा. दुसरा नाद ट्रॅक डे. रेसच्या खऱ्या ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं गाडी दामटायची. तिथं मऊ टायर उकळतो, कडक हवा. आणि सगळ्यांचं मागणं एकच, "शिंदे, दोन्हीला चालेल असा एक सेट द्या ना!"

अरे बाबांनो, आमच्या साताऱ्याकडं शर्यतीचा बैल कुणी नांगराला जुंपत नाही. चार वर्षं हेच सांगतोय. थकलो आता.

*

सगळ्यात चिवट म्हात्रे. राहायला करंजाड्याला, कंपनीत सुपरवायझर. घरी वहिनींनी त्यांना स्पष्ट सुनावलेलं, "हा सेट शेवटचा. दिवाळीच्या आत झिजला, तर ही गाडी विकायची आणि उंच सीटची ऑटोमॅटिक घ्यायची." त्या गाडीत म्हात्रेंचा जीव. त्यामुळं टायर निवडायला बसले की पोरीला स्थळ बघितल्यासारखे बघतात. नखानं टोचतात, वास घेतात, दुसऱ्या दुकानात चौकशी करून येतात.

शेवटी तीन टायर समोर ठेवून तासभर बसले आणि म्हणाले, "शिंदे, यातला मनानं चांगला कुठला?"

मी कडकाकडं झुकणारा दिला. निदान टिकेल तरी, म्हटलं.

*

डॉक्टर कदम स्वतःला शहाणे समजतात. होमिओपॅथीवाले. त्यांनी सरळ दोन सेट घेतले, एक मऊ, एक कडक. ट्रॅक डेच्या आदल्या दिवशी मी नसताना दुकानातल्या पोराकडून एक सेट बसवून घेतला आणि निघाले. तिसऱ्या फेरीला रबराचे तुकडे उडायला लागले. मऊ सेट घेऊन गेले होते!

परत आले तेव्हा टायरांची साल निघालेली. मी म्हटलं, "डॉक्टर, खूण नव्हती केली?"

"केली होती की! एकावर अ, दुसऱ्यावर ब. पण अ म्हणजे कुठला, ते आठवेना."

"आणि पेशंटच्या बाटल्या?"

"त्या कंपाउंडर बघतो."

*

टायर तापला की आतली हवा फुगते, पकड जाते. म्हणून ही मंडळी ट्रॅकला जाताना हवा कमी ठेवतात. म्हात्रे पहाटेच पेट्रोल पंपावर गेले आणि म्हणाले, "चारी चाकांची थोडी थोडी काढ."

हवा भरणारा म्हातारा त्यांच्याकडं बघतच राहिला. "सायेब, वीस वर्सं इथं उभा हाय. लोकं भरायला येतात. काढायला येनारे तुमी पयले!"

*

कडक टायर थंडीत ऑटोक्रॉसला रस्ता धरत नाही. जानेवारीत म्हात्रेंनी त्यावर उपाय काढला. यार्डात नंबर येईपर्यंत चारी चाकांना घरच्या गोधड्या गुंडाळल्या. त्या दिवशी त्यांचे वडील बघायला आलेले. मिठागरात काम केलेला माणूस, खुर्चीत कुडकुडत बसलेला.

"आरं, बापूस हितं काकडतो नं गोधरी चाकाला?"

म्हात्रेंनी ऐकलं न ऐकल्यासारखं करून गाडी काढली. घामाघूम होऊन, चार कोन पाडून, परत वडिलांसमोर उभी केली. म्हातारा शांतपणे म्हणाला, "एवरा धावलास नं आलास कुटं? निंगलास तितंच ना!"

*

आणि मग तो सप्टेंबरचा रविवार. म्हात्रेंच्या टायरांच्या बाहेरच्या कडा गेलेल्या. दिवाळीला अजून वेळ होता. वहिनी स्वतः दुकानात येऊन वाकून बघून गेल्या. म्हात्रेंचा चेहरा बघवेना. मला त्यांचा वैताग येतो, पण त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

"हे टायर जातात कुठं, ते मला एकदा बघायचंय," असं म्हणत वहिनी यार्डात आल्या, मागोमाग मीही. म्हात्रेंच्या शेजारी बसून एक फेरी पाहिली. टायर किंचाळत होते, म्हात्रे स्टिअरिंगशी कुस्ती खेळत होते. वेळ लागला अठ्ठावन्न सेकंद.

वहिनी उतरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चावी द्या."

याच गाडीनं त्या रोज नेरुळच्या शाळेत शिकवायला जातात. रिक्षा, खड्डे, स्कूलबस, सगळं चुकवत. त्यांनी गाडी तशीच नेली. एक कोन हलला नाही. टायरनं एकदाही आवाज केला नाही. वेळ मोजणाऱ्या डॉक्टरांनी घड्याळ दोनदा बघितलं. छप्पन्न!

सगळे म्हात्रेंकडं वळले. मग म्हात्रेच म्हणाले, "टायर मी तापवून दिले होते ना."

वहिनींनी टायरावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, टायर बरे आहेत. दिवाळीपर्यंत काही होत नाही. गाडी विकायची नाही."

म्हात्रेंनी आनंदानं माझा हात इतका दाबला की बोटं दुखली. वहिनी तोवर नावं लिहिणाऱ्या डॉक्टरांकडं वळल्या होत्या. यार्डाचा नियम असा की जो चालवत नाही, त्यानं उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलायचे.

"डॉक्टर, पुढच्या रविवारी चालवायला माझं नाव लिहा," वहिनी म्हणाल्या, "आणि कोन उचलायला यांचं."